चुरीबाईंचं पाच लिटर पाणी

चुरीबाईंच्या शोकसभेत दोन मिनिटं शांतता पाळायची होती, ती पाऊण मिनिटात आटोपली. मी घड्याळाकडे बघत होतो. अशा वेळी घड्याळ बघू नये हे मलाही कळतं, पण स्टाफरूममध्ये बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर इतकी वर्षं काढल्यावर माणसाला असल्या सवयी लागतात. सूत्रसंचालकांनी 'ओम शांती' म्हटलं आणि लोकांनी खुर्च्या ओढल्या. बाई असत्या तर मागच्या रांगेतून उठून त्यांनी विचारलं असतं, "दोन काय? दोन चुटक्या?"

तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. मग एक साहेब बोलायला उभे राहिले. हे पूर्वी आमच्या भागातल्या अंगणवाड्या ज्या कार्यालयाखाली येतात तिथे मोठ्या खुर्चीवर होते, आता त्याहून मोठ्या खुर्चीवर गेले आहेत. त्यांचं नाव घेत नाही, कारण त्या खुर्चीवर दुसरा कोणी असता तर फार निराळं वागला असता असं मला वाटत नाही. साहेबांनी खिशातला रुमाल काढला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चुरी मॅडमनी आमच्या खात्याला वेळोवेळी मोलाचं सहकार्य केलं."

सहकार्य! ज्या माणसानं बाईंना नोटीस काढली, त्याच्या तोंडी हा शब्द! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सभेत बोललो नाही, कारण बाईंची मुलगी नाशिकहून आली होती आणि तिच्यासमोर तमाशा नको वाटला. पण सभेत गिळलेलं कागदावर तरी काढावं, म्हणून हा खटाटोप.

चुरीबाई आमच्या बोईसरच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. राहायला शिरगावला, भावाच्या वाडीला लागून दोन खोल्यांत. उंचीनं बेताच्या, अंगानं काटक, सुती साडी, घट्ट अंबाडा, आणि एका खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीच्या ओझ्यानं बाई कायम उजवीकडे कललेल्या असायच्या. पिशवीत जेवणाचा डबा, लाल पेन आणि पाण्यानं काठोकाठ भरलेल्या एकेक लिटरच्या दोन बाटल्या. एरवी दोन, मोहिमेवर निघाल्या की पाच. हे पाणी पिण्याचं नव्हे. कोणी तहानेनं हात घातला तर त्याच्या हातावर फटका बसायचा. "ते माझं माप आहे. एक लिटर पाणी, एक किलो. नळाला फुकट मिळतं आणि कोणाच्या बापाला त्यात फेरफार करता येत नाही."

बोईसरच्या बाजारात बाईंना ओळखत नाही असा दुकानदार नव्हता. कांदे घ्यायच्या आधी बाई आपली बाटली काट्यावर ठेवायच्या. काटा बरोबर निघाला तर दुकानदाराची पाठ थोपटायच्या, नाही निघाला तर सगळा बाजार ऐकेल अशा आवाजात धडा घ्यायच्या. एका भंगारवाल्यानं तर बाई येताना दिसल्या की काट्यावर फडकं टाकायचा नेम ठेवला होता. "ओ टीचर, आज काँटा बंद है," तो लांबूनच ओरडायचा.

शाळेतल्या माणसांना त्या नावानं हाका मारत नसत. "अहो भूगोल, जरा सरका." "अहो गणित, तुमचा डबा सांडलाय." मी मराठी शिकवतो, म्हणून मी 'मराठी'. माझ्या मुलाच्या बारशाला त्या आल्या, पाळण्यातून पोराला उचललं, हातावर जरा वरखाली केलं आणि जमलेल्या बायकांसमोर जाहीर केलं, "बत्तीस न्यूटन. उत्तम आहे, मराठी." माझ्या सासूबाई त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं, बाईंनी पोराला नजर लावली.

हे उचलून बघणं बाईंचं जुनं होतं. भोपळा असो, वह्यांचा गठ्ठा असो, पाहुण्याची बॅग असो, त्या उचलायच्या आणि आकडा सांगायच्या, तोही न्यूटनमध्ये. "पृथ्वी त्या भोपळ्याला खाली ओढते आहे, मी वर धरते आहे. तो जोर माझ्या हाताला कळतो. किलो मला कळत नाही, किलो पुस्तकातला." मी एकदा आमच्या घरच्या काट्यावर लपून पडताळा घेतला होता. फरक निघाला तो चिमूटभर.

आणि एकक. उत्तराला एकक नसलं की बाई शून्य द्यायच्या. पोरगं उभं राहून "पाच" म्हणालं की त्या विचारायच्या, "पाच काय? पाच म्हशी?" वर्ग हसायचा आणि पोरगं जन्मभर विसरायचं नाही. एका पुढाऱ्याच्या मुलाला असं शून्य मिळालं, तेव्हा ते गृहस्थ गाडी घेऊन शाळेत आले. उत्तर तर बरोबर आहे, मग मार्क का कापले, असा त्यांचा सवाल. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या मुलीला स्थळ आलं. मुलगा किती शिकलाय विचारलंत. ते म्हणाले, दहा. तुम्ही मुलगी द्याल? का आधी विचाराल, दहावी झालाय की दहा वर्षं एकाच वर्गात आहे?" पुढारी हसले, पण मार्क काही वाढले नाहीत.

क्रीडा महोत्सवात एकदा रस्सीखेच झाली. पाहुण्यांनी बक्षीस देताना सांगितलं की ज्यांनी जास्त जोरात ओढलं ते जिंकले. बाईंनी त्यांच्या हातातून माइक घेतला. काढूनच घेतला म्हणा ना. "दोर दोन्ही बाजूंना सारखाच ताणलेला असतो. जिंकतो तो, ज्याचे पाय जमिनीला धरून राहतात. मुलांनो, दोराकडे बघू नका, पायांकडे बघा." हेडसरांनी कपाळाला हात लावला. पुढच्या वर्षी तो पाहुणा आला नाही, त्याचं खापर बाईंच्या डोक्यावर फुटलं.

स्थितिस्थापकता शिकवायच्या दिवशी त्या बॉलपेनमधल्या स्प्रिंगा घेऊन वर्गात जायच्या. एक स्प्रिंग थोडी ताणायच्या, सोडायच्या. ती परत आपल्या जागेवर. मग तीच अशी खेचायच्या की ती लांबट होऊन लोंबायची. "हिची एक हद्द होती. हद्दीच्या आत कितीही ताणा, परत येईल. हद्द ओलांडली की ती ताण लक्षात ठेवते." मग दुसऱ्या पेनची स्प्रिंग. "ही बहिणीसारखी दिसते ना? पण तार जरा बारीक आहे. तेवढ्याच ओझ्याला ही जास्त लांबते. प्रत्येक स्प्रिंगचा स्वभाव तिचा तिचा." हेडसरांनी एकदा निवडणुकीचं, जनगणनेचं आणि सायकलवाटपाचं काम एकाच आठवड्यात बाईंच्या गळ्यात घातलं, तेव्हा त्यांनी लेखी उत्तर दिलं होतं, 'माझी स्थितिस्थापकतेची मर्यादा सोमवारी संपली आहे.'

आता मूळ गोष्टीकडे येतो.

दिवाळीची सुट्टी होती. तपासलेले पेपर द्यायला मी शिरगावला बाईंकडे गेलो होतो. वाडीत सुकरी वांगी तोडत होती. सुकरी वाडीच्या मागच्या अंगाला, खाजणाच्या खाऱ्या दलदलीकडेला जो पाडा आहे, तिथली. नवरा लाडक्या. वर डोंगराकडे त्यांची पावसावरची थोडी भातजमीन. भात कापून झालं की दोघं पोरं-भांडी घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायची, ती उन्हाळ्याच्या शेवटी परत यायची. सुकरीची दीड वर्षाची मुलगी, रोशनी, नारळाखाली पोत्यावर बसवलेली होती. बसवली होती तशीच बसून होती.

बाईंनी सवयीनं तिला उचललं आणि त्या थांबल्या. पुन्हा वरखाली केलं. पोरगी रडली नाही. ओळख ना पाळख, अशा बाईनं उचललं तरी दीड वर्षाचं पोर रडत नाही, हे माझ्यासारख्या बापमाणसालाही बरं वाटलं नाही.

"सुकरे, हिला अंगणवाडीत तोललीस?"

"तोलली ना, बाय. साडेसातवर जरा आली. ताय बोलली, थोडी कमी हाय, पन घाबरायचं काय नाय. खिचडी खावाला आनत जा बोलली."

"साडेसात किलो," मी घाईनं म्हणालो, म्हणजे 'साडेसात काय' नको.

पण बाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. "साडेसात किलो म्हणजे पंचाहत्तरच्या आसपास न्यूटन. ही पंचाहत्तर नाही, मराठी. पासष्टच्या वर भरली तर माझं नाव बदला." त्यांनी पोरीच्या मांडीची कातडी चिमटीत धरली. सोडल्यावर ती सुरकुती तशीच राहिली. बाई बराच वेळ त्या सुरकुतीकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाच बाटल्या घेऊन निघाल्या. त्यांतल्या तीन मी उचलल्या.

अंगणवाडीच्या ताईचं नाव वनिता. पाड्याजवळचीच, हसऱ्या तोंडाची, पोरं तिच्या पदराला लोंबकळलेली. ओसरीच्या वाशाला तो काटा टांगलेला होता. गोल तबकडी, खाली हूक आणि पोराला बसवायची कापडी झोळी. मागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत प्रशस्तिपत्र. या अंगणवाडीत कुपोषित बालकांची संख्या घटल्याबद्दल कार्यालयानं वनिताताईला शाल-श्रीफळ दिलं होतं. फोटोत साहेब मधोमध होते.

"काटा बरोबर आहे का गं?" बाईंनी विचारलं.

"बरोबर हाय बाय. शून्यावर हाय बगा." खरंच होता. झोळी लावलेली आणि काटा अगदी शून्यावर.

बाईंनी झोळीत पहिली बाटली ठेवली. काटा एकाच्या थोडा पुढे गेला. दुसरी ठेवली, आणखी पुढे. प्रत्येक बाटलीला तो थोडा थोडा जास्त पळत होता. पाचवी बाटली ठेवल्यावर काटा सहावर जाऊन थांबला. बाईंनी सगळ्या बाटल्या काढल्या, काटा पुन्हा निमूटपणे शून्यावर आला. पुन्हा ठेवल्या, पुन्हा सहा.

"पाच बाटल्या, प्लास्टिक धरून पाच किलोला थोडं वर," बाई म्हणाल्या. "सहा कुठून आले, वनिता?"

मग वनितानं सगळं सांगितलं, लपवण्यासारखं तिच्या मनात काही नव्हतंच. पाड्यात काटा असा हा एकच. त्यामुळे कोणाची सुकट तोलायची असो, कोंबडा असो, कंद असो, लोक यायचे. "काटा तेवढा दे गं वनिता." नाही कसं म्हणायचं? शेजारच्या घरच्या हळदीला बोकड तोलायला काटा नेला. बोकड मोठा होता, त्यात तो लाथा झाडत होता. परत आला तेव्हा काटा शून्यावर येईना, लोंबतच राहिला. वनितानं कार्यालयात नवा काटा मागितला. एकदा नाही, तीनदा मागितला. वापरता येईल तोवर वापरा, असं उत्तर आलं. शेवटी तिचा नवरा जयेश, जो तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर जातो, त्यानं मनावर घेतलं. त्याच्या ओळखीच्या वर्कशॉपमधून त्यानं तेवढ्याच लांबीची, तेवढ्याच जाडीच्या वेटोळ्याची चकचकीत नवी स्प्रिंग आणली, स्वतः बसवली, स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला. पाड्यातल्या पोरांसाठी आपल्याकडून एवढं, असं म्हणून त्यानं काटा ओसरीला टांगला.

"आदीच्यापेक्षा भारी स्प्रिंग हाय बाय," वनिता म्हणाली. "कंपनीतली हाय."

इथं मला वाटलं, आता बाई फाडून खाणार. पण त्यांनी आवाज चढवला नाही. वनिताच्या शेजारी ओसरीवर बसल्या आणि वर्गातल्यासारखं सांगितलं. तबकडीवरचे आकडे जुन्या स्प्रिंगच्या स्वभावावरून काढले होते. जुनी जेवढी ताणायची तेवढा काटा फिरायचा आणि आकडा खरा यायचा. नवी चांगली आहे, पण मऊ आहे. तेवढ्याच ओझ्याला जास्त लांबते, म्हणून काटा जास्त फिरतो. काही टांगलेलं नसताना दोघी सारख्याच. "शून्य बरोबर असलं म्हणजे काटा बरोबर असतो असं नाही गं."

वनिताचं हसू मावळत गेलं. "म्हंजे बाय, माज्या पोरांची वजनं वाढली ती..."

"वाढली नाहीत."

"पावसाच्या आदीपासून मी ह्याच्यावरच तोलते." ती भिंतीला टेकली. "जान्याचा पोरगा गेला ना बाय, पावसात. तापानं गेला बोलले. त्याचं वजन मीच केलं होतं. चांगलं भरलं होतं. मी त्याच्या आयेला बोलले, तुजा पोरगा एकदम झकास हाय." आणि ती पदर तोंडात धरून रडायला लागली. जान्याचा पोरगा कशानं गेला हे आता कोणीही सांगू शकणार नाही, आणि हेच मला आजही सहन होत नाही.

बाईंनी लाल मार्कर काढला आणि काट्याच्या काचेवर ठळक लिहिलं, 'हा काटा दर किलोमागे पावणेदोनशे ग्रॅम जास्त दाखवतो.' मग मला म्हणाल्या, "चला मराठी, कार्यालयात."

साहेबांनी बसायला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. ऐकून घेतलं. मग विचारलं, "काटा शून्यावर आहे का?"

"आहे."

"मग प्रश्न मिटला की, मॅडम."

"शून्यावर काही टांगलेलं नसतं, साहेब. ओझं आलं की काटा कळतो. माणूससुद्धा."

साहेबांचा चेहरा जरा आखडला. पाण्याच्या बाटल्यांवर विश्वास ठेवून आम्ही नोंदी बदलायच्या का, म्हणाले. मॅडम, तुम्ही शिक्षण खात्याच्या, हे खातं वेगळं. "पाणी कुठल्या खात्याचं?" बाईंनी विचारलं. तेवढ्यात चहा घेऊन आलेला शिपाई भाबडेपणानं बोलून गेला की नवीन डिजिटल काटे तर आले आहेत, खोकी मागच्या खोलीत आहेत. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बशी तशीच ठेवून पळाला. खरं होतं ते. काटे आले होते. वाटपाचा कार्यक्रम करायचा होता, पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती.

"पोरांची वजनं पाहुण्याच्या तारखेसाठी थांबतात का हो?" बाईंचा आवाज आता बाहेर व्हरांड्यात जात होता. "बरं, ते राहू द्या. त्या मुलीला दवाखान्यात ठेवायची चिठ्ठी तरी द्या."

"नोंदीप्रमाणे मूल अतिकुपोषितांच्या गटात बसत नाही. आणि मॅडम, आपल्या भागाचं काम वरपर्यंत वाखाणलं गेलंय. एका जुन्या काट्यासाठी सगळ्यांची मेहनत पाण्यात घालू नका." उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण शेळ्या मेल्या तरी आकडा पुरा दाखवणारा हा पहिलाच.

बाईंनी चहाला हात लावला नाही. आम्ही पाड्यावर परत आलो तेव्हा ऊन कलत होतं आणि सुकरीच्या झोपडीपुढे भांडी, गोधड्या बांधून ठेवल्या होत्या. पहाटे मुकादमाचा ट्रक यायचा होता. भट्टीवर गेली की पोरगी उन्हाळ्यापर्यंत कोणाच्या हाती लागणार नव्हती, आणि तोवर ती टिकेल असं तिच्याकडे पाहून वाटत नव्हतं.

लाडक्या ऐकेना. त्याचंही काही चुकत नव्हतं. "तायचा काटा बोलतंय पोर बरी हाय. तुमी बोलता नाय. सरकारचा काटा खोटा, आन तुमी खऱ्या? मुकादम दुसऱ्याला घेल बाय, मंग आमी काय करू?"

बाईंनी वाद घातला नाही. त्याला अंगणवाडीच्या ओसरीवर नेलं, पाचही बाटल्या त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "तूच टांग." वनिता बाजूला उभी होती. त्यानं एकेक बाटली झोळीत ठेवली आणि वनितानं दर वेळी आकडा वाचला. "एकच्या पुडं... दोनच्या पुडं..." शेवटी ती म्हणाली, "सहा." लाडक्यानं रिकाम्या हातांकडे बघितलं, झोळीत डोकावून बाटल्या बोटानं मोजल्या.

"बाटल्या तं पाचच हायत."

"हो."

"मंग माजी पोर..." तो तिथंच उकिडवा बसला. थोड्या वेळानं उठला, झोपडीकडे गेला आणि बांधलेल्या गोधड्या सोडायला लागला. "भट्टी काय, पुडच्या वर्सालाबी हाय," तो सुकरीला म्हणाला.

त्याच संध्याकाळी रिक्षानं पालघरच्या सरकारी दवाखान्यात. चिठ्ठी नव्हतीच. मुलांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी चिठ्ठी मागितलीच नाही, पोरगी सरळ काट्यावर ठेवली. सहा किलो चारशे ग्रॅम. बाईंनी डोळे मिटून मनात गुणाकार केला आणि हळूच म्हणाल्या, "त्रेसष्ट." नाव बदलायची वेळ आली नाही, पण आपण बरोबर ठरलो याचा एवढा कमी आनंद झालेला माणूस मी पाहिला नाही. रोशनीला त्याच रात्री दाखल करून घेतलं.

यानंतर आठवड्याभरात शाळेत नोटीस आली. शासकीय उपकरणाशी छेडछाड केली, अधिकार नसताना दुसऱ्या खात्याच्या कामात हस्तक्षेप केला, खुलासा करावा. हेडसर घाबरले. बाईंनी नोटीस वाचली, लाल पेन काढलं आणि तिच्यात जिथं जिथं वजनाचे आकडे होते तिथं शेजारी लिहिलं, 'एकक?' खाली शेरा मारला, 'विद्यार्थ्यानं पुन्हा लिहून आणावं.' आणि सही करून परत पाठवली. त्याचं पुढे काय झालं ते कोणी विचारलं नाही, कारण प्रकरण वाढलं असतं तर खोक्यांतले काटेही बाहेर निघाले असते.

खोकी पुढे निघाली. मंडप घालून, हार घालून. नव्या काट्यावर पाहुण्यांनी उद्घाटनाचा नारळ ठेवला आणि टाळ्या झाल्या. नारळाचं वजन आपल्या भागात अगदी व्यवस्थित नोंदलं गेलं म्हणायचं. आणि मग नव्या काट्यांवर पोरांची खरी वजनं यायला लागली, कुपोषितांचा आकडा वाढला, आणि लेखी खुलासा कोणाला मागितला? वनिताला. तिचं प्रशस्तिपत्र काढून नेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. तिच्या भिंतीवर चौकटीएवढा पांढरा तुकडा उरला. बाई त्या दिवशी वनिताबरोबर कार्यालयात गेल्या आणि साहेबांच्या दारात स्टूल टाकून दिवसभर बसल्या. पाय जमिनीला घट्ट धरून होते. संध्याकाळी खुलाशाचा कागद मागे घेतला गेला. प्रशस्तिपत्र मात्र परत आलं नाही.

हे त्या साहेबांच्या भाषणातलं सहकार्य.

बाई निवृत्त झाल्या तरी दर महिन्याला, वजनाच्या दिवशी, पाच बाटल्या घेऊन पाड्यावर जायच्या. वनिता आधी बाटल्या तोलायची, मग पोरं. काटा नवा, डिजिटल, तरी. "नवा आहे म्हणून काय झालं? ती स्प्रिंगही नवीच होती," असं त्या म्हणायच्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथंच, गेल्या उन्हाळ्यात. त्या खूप वाळल्या होत्या, बाटल्यांची पिशवी आता जयेश आणून द्यायचा. त्यांच्या आजाराचं त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं.

भट्टीवरून परतलेली सुकरी रोशनीला घेऊन आली. तीन वर्षांची झाली होती. वनिता काट्याकडे हात करत होती, पण बाईंनी तिला थांबवलं. दोन्ही हात पुढे केले, पोरीला काखांखाली धरून उचललं आणि वरखाली करू लागल्या. पोरीनं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पाडा गोळा होईल असं भोकाड पसरलं. लाथा झाडल्या, बाईंचा अंबाडा ओढून सोडला. बाईंच्या हातांना ते ओझं पेलत नव्हतं. सुकरी घ्यायला धावली, पण बाई पोरीला सोडेनात.

"एकशे सहा!" त्या ओरडल्या. "एकशे सहा!"

इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच संधी मिळाली होती. "एकशे सहा काय, बाई?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"गप्प बसा हो, मराठी. तिचं रडणं ऐकू द्या."